ट्रेकसाठी फोन पुरतो का, की वेगळं जीपीएस घ्यावं?

तुमचा प्रश्न असा आहे: आजवर एका दिवसाचे ट्रेक फोनवरच्या नकाशावर केलेत. आता चार-पाच दिवसांची वाट ठरते आहे. तिचा बराचसा भाग रेंजबाहेर आहे आणि पाऊस, थंडी दोन्ही लागण्याची शक्यता आहे. अशा वेळी हातात धरायचं वेगळं जीपीएस उपकरण घ्यावं, की आहे त्या फोनवर भागेल? शिवाय एक जुनं उपकरण स्वस्तात मिळतंय, ते घ्यावं का?

मी बरीच वर्षं गट घेऊन डोंगरांत जातो, नकाशा आणि होकायंत्र शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर नेहमी येतो. आधी मत सांगून टाकतो. मळलेल्या वाटेच्या, संध्याकाळी परत यायच्या ट्रेकसाठी नीट तयार केलेला फोन पुरतो. त्यासाठी वेगळ्या उपकरणावर पैसे घालू नका. तुम्ही म्हणताय तशा ट्रेकसाठी मात्र घ्या. अचूकतेसाठी घ्या असं मी म्हणत नाही. अडचणीत मदत मागायचं तुमचं साधन म्हणजे फोन. ज्या बॅटरीवर तो फोन लागणार, तीच बॅटरी दिवसभर वाट बघण्यात उतरवायची, हे मला मुळीच मान्य नाही. वाट एका बॅटरीवर आणि मदत दुसऱ्या बॅटरीवर, एवढं पाळलं की बाकीची निवड बरीच सोपी होते.

आता अचूकतेचं बघू, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते. फोन आणि उपकरण दोघंही त्याच उपग्रहांचे संदेश ऐकतात. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात, आणि जागा आणि उंची ठरवायला किमान ४ उपग्रह दिसावे लागतात. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे आणि जागा १०० मीटरपर्यंत चुकू शकत असे. ते बंद झालं. आज मोकळ्या आकाशाखाली साधा फोनही ५ मीटरच्या आसपास जागा सांगतो. जीपीएसबरोबर रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बेईदू हे उपग्रहही आजचे फोन वापरतात. पठारावर किंवा उघड्या धारेवर उभे असाल तर फोन आणि उपकरण यांतला फरक तुमच्या लक्षातसुद्धा येणार नाही.

फरक पडतो तो अरुंद घळीत, कड्याच्या पोटाशी आणि ओल्या दाट झाडीत. कड्यावर आपटून आलेला संदेश लांबच्या रस्त्याने पोहोचतो, आणि यंत्र तुम्हाला घळीच्या पलीकडच्या काठावर नेऊन ठेवतं. अशा ठिकाणी दोन फ्रिक्वेन्सींवर ऐकणारं यंत्र बरंच सरस ठरतं. जुनी फ्रिक्वेन्सी एल१, नवी एल५. एल५ च्या संदेशात थेट आलेला कुठला आणि आपटून आलेला कुठला हे वेगळं काढणं सोपं जातं. ही सोय असलेला पहिला फोन २०१८ मध्ये आला आणि आता ती बऱ्याच फोनमध्ये असते. उलट कमी किमतीच्या कितीतरी उपकरणांत ती नसते. म्हणजे घळीत तुमचा फोन एखाद्या साध्या उपकरणापेक्षा बरोबर असू शकतो. वरच्या दर्जाच्या उपकरणांचा अँटेना मोठा असतो, काहींचा तर वर बाहेर काढलेला असतो, त्यामुळे सॅकच्या पट्ट्याला लटकवलं तरी त्याला आकाश दिसतं. फोनचा अँटेना कडेच्या पट्टीत कोंबलेला, त्यात आपण तो मुठीत धरतो किंवा खिशात घालतो. एकंदरीत, अचूकतेसाठी उपकरण घ्यायला निघाला असाल तर आधी त्यात दोन्ही फ्रिक्वेन्सी आहेत का ते बघा. नसतील तर तेवढ्या कारणासाठी घेऊ नका.

दुसरा गैरसमज रेंजचा. रेंज गेली की जीपीएस बंद पडतं, असं समजून लोक घाबरतात. फोनला यात काही पाठवायचंच नसतं, फक्त ऐकायचं असतं. सिम काढून टाकलं तरी जागा मिळते. रेंज असताना फोन उपग्रहांच्या ठावठिकाण्याची माहिती इंटरनेटवरून चटकन घेतो, म्हणून काही सेकंदांत ठिपका दिसतो. रेंज नसली की तीच माहिती थेट उपग्रहांकडून घ्यावी लागते, आणि उपग्रह ती सेकंदाला अवघे ५० बिट या संथ गतीने पाठवतात. एका उपग्रहाची नेमकी कक्षा कळायला सुमारे ३० सेकंद अखंड संदेश लागतो, सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक यायला साडेबारा मिनिटं. म्हणून दोन दिवस बंद ठेवलेला फोन झाडीत चालत-चालत सुरू केला की तो बराच वेळ चाचपडत राहतो. मोकळ्यावर या, थांबा, फोन आकाशाकडे धरा, दोन-चार मिनिटं द्या. उपकरणालाही हेच लागू आहे. सकाळी मुक्काम हलवायच्या आधीच जागा पकडू द्यावी आणि मगच चालायला लागावं.

रेंजविना खरोखर बंद पडतो तो नकाशा. कोऱ्या पडद्यावर निळा ठिपका, आजूबाजूला काहीच नाही, हे चित्र अनेकांनी पाहिलं असेल. ऑसमअँड, ऑरगॅनिक मॅप्स अशा ॲपमध्ये पूर्ण प्रदेशाचा नकाशा आधीच उतरवून ठेवता येतो. उतरवला म्हणून विसरू नका. घरीच फोन विमान मोडवर टाका, ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा आणि वाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोठं करून बघा. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या; जिथे दाट, तिथे उतार तीव्र) दिसतात का तेही बघा, कारण काही ॲपमध्ये त्या वेगळ्या उतरवाव्या लागतात. हे नकाशे बहुतेक ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर बनतात. २००४ पासून स्वयंसेवक ही माहिती भरत आले आहेत आणि त्यांचे मोठे उपकार आहेत, पण एखादी ढोरवाटही त्यात पायवाट म्हणून आलेली असते. नकाशावरची तुटक रेघ समोच्च रेषांच्या दाट जुडग्यातून सरळ खाली जात असेल तर तिथे कडा असण्याची शक्यता धरा, रेघेवर विश्वास ठेवू नका. उपकरणातही बहुधा हीच माहिती भरलेली असते. नकाशा चुकीचा असेल तर महागडं यंत्रही तुम्हाला त्याच कड्यावर नेईल.

आता मुख्य गोष्ट, बॅटरी. फोनची बॅटरी सर्वात जास्त खातो पडदा, आणि कमी रेंजच्या प्रदेशात टॉवर शोधत राहणं. म्हणून विमान मोड सक्तीचा समजा. त्यात जीपीएस चालू राहतं, हेही घरी तपासून घ्या. पडदा बंद ठेवून नुसता ट्रॅक (चाललेल्या वाटेची रेघ) नोंदवत राहिलात तर बरे फोन दिवसभर टिकतात. यात एक खोच आहे: बॅटरी वाचवण्यासाठी फोन मागे चालणारी ॲप स्वतःहून बंद करतो, आणि संध्याकाळी कळतं की ट्रॅक सकाळी अकरालाच तुटला. सेटिंगमध्ये जाऊन नकाशाच्या ॲपला या बंधनातून वगळावं लागतं.

उपकरणांचं गणित वेगळं. गार्मिनची ईट्रेक्स २२एक्स आणि ३२एक्स ही दोन पेन्सिल सेलवर २५ तास चालतात असं कंपनी सांगते. जीपीएसमॅप ६७ मध्ये आतली बॅटरी आहे आणि तिचा आकडा १८० तासांचा आहे. कंपनीचे आकडे मी नेहमी थोडे कापूनच धरतो, पण कापूनही ते फोनच्या कितीतरी पुढे जातात. माझा स्वतःचा ओढा पेन्सिल सेलच्या उपकरणांकडे आहे. बॅटरी उतरली की कप्पा उघडायचा, दोन सेल बदलायचे आणि पुढे निघायचं. चार्जिंगची वाट बघत बसायला नको.

थंडीत हा फरक आणखी रुंदावतो. फोनमधल्या लिथियम-आयन बॅटरीला थंडी सोसत नाही. ॲपल आपला फोन ० ते ३५ अंश सेल्सियस तापमानात वापरायला सांगते. त्याखाली ३० टक्के दाखवणारा फोन अचानक काळा पडू शकतो. अंगाच्या उबेत ठेवला की तो पुन्हा सुरू होतो, म्हणून थंडीत फोन जॅकेटच्या आतल्या खिशात आणि रात्री स्लीपिंग बॅगमध्ये ठेवावा. पेन्सिल सेलमध्येही साधे अल्कलाइन थंडीत ढेपाळतात. एकदाच वापरायचे लिथियम सेल उणे ४० अंशांपर्यंत काम देतात आणि वजनालाही हलके असतात.

"पॉवर बँक घेतली की झालं" असं तुम्ही लिहिलंय. पॉवर बँक घ्याच, पण हिशोब करून. १०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ५ व्होल्ट करताना आणि फोनमध्ये भरताना बरीच वीज उष्णतेत जाते. ५,००० एमएएचचा फोन त्यातून दोनदा भरत नाही, साधारण दीडदा भरतो. थंडीत त्याहून कमी. पाच दिवसांसाठी ती एकटी पुरेल असं मी धरणार नाही.

आणि पाऊस. आयपी६८ म्हणजे पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा असलेल्या फोनमध्ये पाणी सहसा शिरत नाही, पण पाण्यात तो वापरता येतो असा त्याचा अर्थ नाही. गेल्या काही ट्रेकमध्ये मी पुन्हा-पुन्हा पाहिलेला प्रकार सांगतो. धुकं उतरलेलं, दोन सोंडांच्या बेचक्यात वाटेला फाटा फुटलेला. गटातला एकजण फोन काढतो. पडद्यावर थेंब पडतात आणि प्रत्येक थेंब बोट असल्यासारखा नकाशा ओढायला लागतो. तो बाहीने पुसतो, बाही ओलीच, नकाशा उडी मारून भलत्याच डोंगरावर जातो. हातमोजा काढावा लागतो. ओल्या बोटाला फोन ओळखत नाही, पासवर्ड मागतो. बॅटरी १५ टक्के बघून तो पॉवर बँकेची वायर लावतो, तर फोन सांगतो की पोर्टमध्ये ओल आहे, चार्जिंग होणार नाही. ही ओल सुकायला तास-तास जातात, आणि कापडाने पुसून किंवा फुंकून ती जात नाही. फोनला वायरविना चार्जिंगची सोय असेल तर तशी पॉवर बँक पावसाळी ट्रेकमध्ये फार उपयोगी पडते. नाहीतर पोर्टला रबरी बूच लावा. त्याच फाट्यावर बटणांचं उपकरण असलेला माणूस हातमोज्यासकट दोन बटणं दाबतो, बघतो आणि चालू लागतो. उन्हातही तेच. उपकरणांचे बहुतेक पडदे बाहेरच्या उजेडावरच उजळतात, ऊन जितकं कडक तितकं चित्र स्वच्छ. फोनचा पडदा उन्हात पूर्ण तेजावर न्यावा लागतो आणि बॅटरी डोळ्यांदेखत उतरते.

एवढं ऐकून लगेच उपकरण मागवू नका, त्याचे तोटेही खरे आहेत. ईट्रेक्सचा पडदा २.२ इंचांचा. त्यावर एक फाटा दिसतो, पण पलीकडची खिंड, मागची धार, नदीचं वळण हे एका नजरेत येत नाही. वाट आखायची तर फोन किंवा संगणकच हवा. नावं टाइप करायला एका छोट्या दांडीने एकेक अक्षर निवडावं लागतं. सोबत आलेला नकाशा बहुधा कामाचा नसतो, चांगला नकाशा वेगळा भरावा लागतो. मेनू जुन्या धाटणीचे आहेत. निघायच्या आदल्या रात्री खोकं उघडणाऱ्या माणसाच्या हातात उपकरणापेक्षा त्याचा ओळखीचा फोन बरा. ओळखीच्या वाटेवर निदान दोन-तीनदा वापरून, ट्रॅक भरणं, वेपॉइंट (वाटेवरच्या ठिकाणाची खूण) टाकणं आणि आल्या वाटेने परत फिरणं हाताला बसलं पाहिजे.

मॉडेल निवडताना एक गोष्ट आवर्जून बघा, ती म्हणजे आतलं होकायंत्र. ईट्रेक्स २२एक्समध्ये ते नाही, ३२एक्समध्ये आहे. ते नसलेलं उपकरण तुम्ही चालत असाल तरच दिशा सांगू शकतं. धुक्यात फाट्यावर स्तब्ध उभे राहिलात की तुमचं तोंड कुठे आहे हे त्याला कळत नाही, आणि दिशेची सर्वात जास्त गरज नेमकी त्याच क्षणी असते. फोनमध्ये होकायंत्र असतं, पण चुंबकाचं झाकण असलेलं कव्हर किंवा सॅकच्या छातीपट्ट्यातला चुंबक त्याला सपशेल चुकवतो. तसं कव्हर ट्रेकला नेऊ नका.

३२एक्समध्ये हवेच्या दाबावर चालणारं उंचीमापकही आहे, आणि काही फोनमध्येही ते असतं. उपग्रहांवरून काढलेली उंची जागेपेक्षा जास्त चुकते, साधारण दीड-दोन पट. दाबावरची उंची फार सलग मिळते, फक्त माहीत असलेल्या उंचीच्या ठिकाणी ती जुळवून घ्यावी लागते. याचा एक फायदा मला फार मोलाचा वाटतो. समुद्रसपाटीजवळ दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की उंची सुमारे ८ मीटरने वाढल्यासारखी दिसते, वर गेलं की थोडी जास्त. रात्री मुक्कामावर आकडा लिहून ठेवा. सकाळी त्याच तंबूत तो ४० मीटरने वाढलेला दिसला, तर तुम्ही हललेला नाहीत, हवेचा दाब पडलाय. हवा बिघडते आहे असं समजून दिवसाचा बेत बदला. त्यासाठी आपोआप जुळवणी बंद ठेवावी लागते, नाहीतर यंत्र हा बदल स्वतःच पुसून टाकतं.

मदतीबद्दल एक घोटाळा दूर करतो. साधं जीपीएस उपकरण कुणालाही संदेश पाठवू शकत नाही. ते फक्त ऐकतं. संदेश पाठवणारी सॅटेलाइट उपकरणं वेगळी. गार्मिनचं इनरीच हे इरिडियमच्या उपग्रहांवर चालतं, तर २०२२ च्या आयफोन १४ पासून काही फोनमध्ये आणीबाणीचा उपग्रह-संदेश आला आहे. तो सगळ्या देशांत चालत नाही. आणि काही देशांत विनापरवाना सॅटेलाइट उपकरण बाळगणं हा गुन्हा आहे, पकडले गेलात तर मोठा त्रास होतो. जिथे जाताय तिथला नियम आधी नक्की करा. नियमात बसत असेल आणि एकाच गोष्टीपुरते पैसे असतील, तर तुमच्या ट्रेकसाठी मी संदेश पाठवणारं उपकरण घेईन आणि वाट फोनवर बघेन. तेव्हाही दोन बॅटरींचं तत्त्व सांभाळलं जातंच.

हे नसेल तर फोनला राखून ठेवा. रेंज येण्याची शक्यता असते ती खिंडीत, धारेवर, माथ्यावर. तिथे विमान मोड काढून बघा. कॉल लागत नसेल तिथेही एसएमएस जाऊ शकतो. त्यात जागेचे आकडे लिहिताना पद्धत जपा. समजा यंत्र दाखवतंय ३० अंश १५ मिनिटं, आणि तुम्ही घाईत लिहिलंत ३०.१५. एका अंशात ६० मिनिटं, म्हणजे १५ मिनिटं ही ०.२५ अंश होतात. तुमच्या संदेशाने शोधपथक उत्तर-दक्षिण ११ किलोमीटर चुकीच्या जागी जाईल. फोन आणि उपकरण दोन्हींवर अंशांची दशांश पद्धत लावून ठेवा आणि गटातल्या प्रत्येकाने तीच वापरा.

मी स्वतः कसं नेतो ते सांगतो. उपकरण खांद्याच्या पट्ट्याला दोरीने बांधलेलं, दिवसभर ट्रॅक चालू. फोन विमान मोडवर, आतल्या खिशात. विसाव्याला थांबलं की त्याच्या मोठ्या पडद्यावर पुढचा टप्पा बघून घ्यायचा. ठरलेल्या वाटेची जीपीएक्स फाइल (यंत्रात वाट भरायची फाइल) उपकरणात, माझ्या फोनमध्ये आणि गटातल्या आणखी एकाच्या फोनमध्ये. पॉवर बँक आणि जादा सेल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. कागदी नकाशा आणि साधं होकायंत्र सॅकच्या वरच्या कप्प्यात. यावर मी तडजोड करत नाही, कारण त्यांना बॅटरीच नाही. मनगटावरचं जीपीएस घड्याळ ट्रॅक नोंदवायला छान, पण त्यावर वाट शोधायची वेळ येऊ देऊ नका.

राहिलं ते जुनं उपकरण. घ्यायला हरकत नाही, फक्त हातात घेऊन तपासा. आधी सेलचा कप्पा उघडा. पट्ट्यांवर हिरवट-पांढरी पूड दिसली तर सेल गळलेले आहेत, सोडून द्या. कडेची बटणं आणि पोर्टचं रबर चिरलेलं नसावं, ते चिरलं की पाणी आत जातं. मेमरी कार्ड लागतं का आणि संगणकाला जोडायची वायर मिळते का ते विचारा. मग मोकळ्या मैदानात सुरू करून जागा पकडेपर्यंत थांबा आणि तारीख बघा. जीपीएस आठवड्यांची मोजणी १,०२४ आठवड्यांनंतर पुन्हा शून्यापासून सुरू करतं. तसं शेवटचं ६ एप्रिल २०१९ च्या रात्री झालं, आणि काही जुनी यंत्रं तेव्हापासून तारीख जवळपास वीस वर्षं मागची दाखवतात. जागा बहुधा बरोबर असते, पण सूर्यास्ताची वेळ आणि ट्रॅकवरच्या वेळा चुकतात. कंपनीच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घालून तारीख सुधारत असेल तर ठीक. शेवटी ते घेऊन ओळखीच्या पायवाटेवर तासभर फिरा, तो ट्रॅक आणि तुमच्या फोनचा ट्रॅक एकाच नकाशावर टाका. दोन्ही रेघा मोकळ्यावर एकमेकींना धरून असतील आणि झाडीत थोड्याच फाकल्या असतील, तर उपकरण घ्या.